जपानची शाळा आणि आईचा सुईदोरा

एका वाचक भगिनीने विचारले आहे, "जावयांची जपानला बदली झालीय. नात येत्या जूनमध्ये सहा वर्षांची होईल. तिला तिथे कुठल्या वर्गात घालतील? लेकीने काय तयारीनं जावं?"

जपानमध्ये शाळेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. २०२० साली करोनामुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा सप्टेंबरपासून वर्ष सुरू करावे अशी चर्चा झाली. पण एप्रिल काही हलला नाही. १ एप्रिलपर्यंत सहा वर्षे पूर्ण झालेले मूल पहिलीत बसते. म्हणजे नातीला पुढल्या एप्रिलपर्यंत थांबावे लागेल. इथे ती पहिलीत असली तरी तिथे वर्ग सहसा वयावरूनच ठरतो. परदेशी मुलांवर शाळेची सक्ती नाही, पण स्थानिक नगरपालिकेकडे अर्ज केला की सरकारी शाळेत फी न घेता प्रवेश मिळतो.

बहुतेक शाळांत वर्षाची सत्रे तीन. मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर. पण ती येते वर्षाच्या मध्येच, त्यामुळे अभ्यास काही सुटत नाही. पहिलीची मुले शाळेत लावलेली मॉर्निंग ग्लोरीची कुंडी घरी आणतात आणि रोज निरीक्षण करतात. पाणी कोण घालते, ते मी सांगायला नको!

आता लेकीच्या कामाचे. शाळेत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर नाव हवे. प्रत्येक म्हणजे अगदी गणिताच्या पेटीतल्या एकेका काडीवर, चकतीवरसुद्धा! बूट, डबा, व्यायामाचे कपडे यांसाठी कापडी पिशव्या लागतात. पुष्कळदा शाळाच मापे कळवते. वर्गाची झाडलोट मुलेच करतात, त्यासाठी जुन्या टॉवेलची दुहेरी शिवलेली फडकी घरून न्यायची. जेवण वाढण्याची पाळी असली की मुले पांढरा डगला नि टोपी घालतात. आठवडा संपला की तो डगला घरी येतो. धुऊन, इस्त्री करून सोमवारी परत द्यायचा, कारण पुढच्या पाळीच्या मुलाला तोच घालायचा असतो. मला ही रीत फार आवडली. दुसऱ्याच्या लेकराचा कपडा आपण धुतो, आपल्याचा दुसरी धुते.

शाकाहारी घराची खरी अडचण जेवणाची. नुसत्या भाजीच्या सूपमध्येही पुष्कळदा माशाचा अर्क असतो. महिन्याचा जेवणाचा तक्ता छापून घरी येतो, पण त्याची वाट न पाहता प्रवेशाच्या वेळीच शिक्षकांशी बोलून घ्यावे. घरचा डबा काही शाळा चालवून घेतात, सगळ्या नाही.

परीक्षांची धास्ती मात्र आताच नको. सक्तीचे शिक्षण नऊ वर्षांचे. पंधराव्या वर्षी पुढच्या शाळेची प्रवेशपरीक्षा येते, तेव्हा मुले रात्री उशिरापर्यंत क्लासला जातात.

तूर्त लेकीच्या सामानात सुईदोरा, थोडे सुती कापड आणि दोन जुने टर्किश टॉवेल तेवढे टाका.