चाळीस हजारांचं ताट आणि फुकटचे हात

महागड्या रेस्टॉरंटात जेवून आलेल्या माणसांचा वाद नेहमी एकाच प्रश्नावर येऊन थांबतो. पैसे वसूल झाले की नाही? डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरातल्या ‘नोमा’ या रेस्टॉरंटबद्दल हा वाद गेली अनेक वर्षं चालू आहे. एक पक्ष म्हणतो, असं जेवण आयुष्यात जेवलो नाही, जंगल आणि समुद्र ताटात उतरला होता. दुसरा पक्ष म्हणतो, एवढे पैसे मोजले आणि ताटात शेवाळ आणि मुंग्या आल्या. आमचं म्हणणं असं की या वादात दोन्ही बाजूंनी फक्त जेवणारेच बोलत आहेत. ज्यांच्या हातांनी ते ताट सजलं, त्यांची साक्ष कोणी काढतच नाही. आणि ती काढली की प्रश्न पैसे वसूल होण्याचा राहत नाही. बिलाचा उरलेला भाग कोणी भरला, हा खरा प्रश्न होतो.

आधी हे नोमा काय आहे ते पाहू. २००३ साली ते सुरू झालं. रेने रेडझेपी हा त्याचा शेफ होता. आपल्या भागात, आपल्या हंगामात जे उगवतं तेच वाढायचं, हा त्याचा आग्रह. त्यामुळे रानातली पानं, समुद्रकाठची झुडपं, शेवाळ, आंबवलेली फळं, मुंग्या असं सगळं त्याने ताटात आणलं. ‘जगातील सर्वोत्तम ५० रेस्टॉरंट’ या यादीत नोमा २०१०, २०११, २०१२, २०१४ आणि २०२१ साली पहिलं आलं. २०२१ मध्येच त्याला मिशेलिन मार्गदर्शिकेचे तीन तारे मिळाले. खाण्याच्या दुनियेत याहून वरची पायरी नाही. २०२३ च्या सुरुवातीला इथल्या जेवणाला माणशी किमान ५०० डॉलर पडत होते, म्हणजे तेव्हाच्या दराने ४० हजार रुपयांच्या वर. आमच्या वस्तीत घरकाम करणाऱ्या बाईला एवढे पैसे हातात यायला कित्येक महिने लागतात.

अनुभव संमिश्र म्हणावेत तर ते खरोखरच संमिश्र आहेत. २०१३ च्या फेब्रुवारीत इथे जेवलेल्या ६३ जणांना नोरोव्हायरसची बाधा होऊन उलट्या-जुलाब झाले. पुढच्याच वर्षी, २०१४ साली, हेच रेस्टॉरंट पुन्हा जगात पहिलं आलं. २०१५ मध्ये टोकियोत त्यांनी काही आठवड्यांचं नोमा भरवलं, तेव्हा कोळंबीवर मुंग्या ठेवून वाढल्या. कोणाला त्यात लिंबाची आंबट चव सापडली, कोणाला किळस आली. पण आरक्षणासाठी झुंबड उडायची ती उडालीच.

असं का होतं? कारण तिथे अन्नाबरोबर नाव विकलं जातं. मुंगी तीच, पण ती शेफच्या नावाखाली आली की तिला ‘कल्पकता’ म्हणतात. ओडिशातल्या मयूरभंजचे आदिवासी लाल मुंग्यांची काई चटणी पिढ्यानपिढ्या खातात. बस्तरमध्ये हीच चटणी चापडा म्हणून आठवडी बाजारात पानावर विकली जाते. मयूरभंजच्या चटणीला २०२४ च्या जानेवारीत भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा कुठे वर्तमानपत्रांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. तोवर ‘मुंग्या खाणारे’ ही शिवीच होती. आपल्या मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं ते शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात नोंदवलं. त्याआधी मराठीतल्या पाककृतींच्या ढीगभर पुस्तकांना त्या चुलीची आठवण झाली नव्हती. अन्नाची प्रतिष्ठा अन्नात नसते. ती कोणाच्या नावावर आहे यावर ठरते. आडनाव ऐकून पाण्याचा पेला वेगळा ठेवणाऱ्या समाजाला हे नव्याने समजावून सांगायची गरज नाही.

आता या नावाची दुसरी बाजू बघू. जेवणारा नावासाठी पैसे मोजतो. स्वयंपाकघरात राबणाऱ्या शिकाऊ पोरांना मात्र पैशाऐवजी नावच दिलं जातं.

नोमाच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं जगभरातून आलेले इंटर्न काम करत होते, आणि त्यांना पगार नव्हता. ‘नोमात काम केलं’ ही ओळ आपल्या माहितीपत्रकावर लिहिता येईल, हाच मोबदला. २०२२ च्या ऑक्टोबरपासून रेस्टॉरंटने इंटर्नना पैसे द्यायला सुरुवात केली. त्यामुळे खर्च दरमहा किमान ५० हजार डॉलरनी वाढला. हा आकडा नीट वाचा. जो खर्च २०२२ नंतर मालकाच्या वहीत दिसू लागला, तो त्याआधीही होतच होता. फक्त तो त्या पोरांच्या आईबापांच्या खिशातून होत होता. जगातलं सर्वोत्तम ताट जेवणारे आणि त्याला नावं ठेवणारे, दोघेही या अनुदानावर जेवत होते.

त्या अनुदानाचा चेहरा आपल्याच देशातला होता. हैदराबादेत पाककलेचं शिक्षण घेतलेली एक तरुणी २०१७ साली तिथे तीन महिन्यांसाठी गेली. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या न्यूयॉर्क टाइम्सने तिचा अनुभव छापला. तिचं काम काय होतं? आपल्याकडे आंबापोळी असते तशी फळांची पातळ पोळी. तिचे साच्याने तुकडे कापायचे आणि जोडून भुंग्याचा आकार करायचा. दिवसभर तेच, जवळपास तीन महिने तेच. शांतपणे काम करायचं, हसायचं नाही, अशी ताकीद तिला होती. ती तिथे स्वयंपाक शिकायला गेली होती आणि भुंगे करून परत आली. तिचा अनुभव आमच्या इथल्या कामाचं खरं चित्र नाही, असं रेस्टॉरंटचं उत्तर होतं. ते उत्तरही नोंदवलं पाहिजे. पण तिला मोबदला नव्हता, ही गोष्ट त्या उत्तराने बदलत नाही. जेवणाऱ्याने तो भुंगा पाहिला, फोटो काढला, आवडला किंवा नाही आवडला असं मत दिलं. भुंगा करणारीचं मत कोणी विचारलं नाही.

याच २०२३ च्या जानेवारीत रेडझेपीने जाहीर केलं की २०२४ च्या अखेरीस नोमा नेहमीचं रेस्टॉरंट म्हणून बंद होईल. सुमारे शंभर माणसांना रास्त पगार द्यायचा, दर्जा टिकवायचा आणि गिऱ्हाईक देईल तीच किंमत लावायची, हे गणित बसत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे माणशी ५०० डॉलर घेऊनही जगातलं सर्वोत्तम स्वयंपाकघर न्यायाने चालवता येत नाही, ही कबुली खुद्द मालकाने दिली. जो धंदा हातांना मजुरी दिली की कोसळतो, त्याची उंची कुठून आली होती ते वेगळं सांगायला नको.

काही मित्र म्हणतील, तुम्ही एकच बाजू सांगता. नोमात भांडी घासणारा अली सोंको मालकीत भागीदार झालाच ना? खरं आहे. गांबियाहून आलेला हा माणूस सुरुवातीपासून तिथे भांडी घासत होता. २०१० साली लंडनला पुरस्कार घ्यायला जायचं तर त्याला व्हिसा मिळाला नाही. तेव्हा सहकारी त्याचा चेहरा छापलेले टीशर्ट घालून मंचावर गेले. २०१७ मध्ये त्याला भागीदार करून घेतलं. रेडझेपीचे वडीलही स्थलांतरित होते, त्यांचंही नाव अली होतं, आणि डेन्मार्कला आल्यावर त्यांनीही भांडी घासली होती. या गोष्टीचं मोल आम्ही कमी करत नाही. आपल्या देशात मोरीवर बसलेल्या माणसाला हॉटेलचा भागीदार केल्याचं उदाहरण शोधायला गेलो तर दमछाक होईल. पण एका माणसाला वर घेतलं म्हणून जिना मोडत नाही. ज्या वर्षी सोंको भागीदार झाला, त्याच वर्षी ती हैदराबादची मुलगी फुकट भुंगे करत होती.

कोपनहेगनचं स्वयंपाकघर म्हणजे जातव्यवस्था, असं आम्ही म्हणत नाही. इंटर्न तीन महिन्यांनी बाहेर पडतो, जातीतून माणूस बाहेर पडत नाही. जात नुसती कामं वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून एकावर एक रचते, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं. आमचा मुद्दा वेगळा आहे. फुकटची उमेदवारी ही पद्धत जिथे जाईल तिथे, तिथली आधीची उतरंड ती आणखी पक्की करते. डेन्मार्कमध्ये ती श्रीमंत घरातल्या पोरांना वर काढते. आपल्याकडे श्रीमंती आणि जात एकाच घरात नांदतात, म्हणून इथे ती जातीची चाळणी होते.

विचार करा. तीन महिने परक्या शहरात भाडं भरून, खाऊन-पिऊन, पगाराशिवाय राहणं कोणाला जमतं? ज्याच्या घरून पैसे येतात त्याला. ‘ती पोरं स्वखुशीने जातात’ हा युक्तिवाद आम्हाला नेहमी ऐकवला जातो. खुशी ही निवड करता येणाऱ्याची असते. ज्याच्या पहिल्या पगारावर बहिणीची फी आणि बापाचं औषध अवलंबून आहे, तो अर्जच करत नाही. मग त्याच्याकडे गुणवत्ता नव्हती असं ठरवलं जातं. चाळणीतून जे पडलं ते पीठ बारीक होतं की भोकं मोठी होती, हे कोणी पाहत नाही.

हे फक्त शेफच्या धंद्यात नाही. आमच्याकडे येणारी हॉटेल मॅनेजमेंटची मुलं सांगतात की प्रशिक्षणाच्या महिन्यांत बारा-बारा तास कांदे सोलले, काटे-चमचे पुसले, आणि हातात पडलं ते बसभाड्यालाही पुरलं नाही. वकिली शिकलेली मुलं वरिष्ठांकडे वर्ष-वर्ष फुकट फायली वाहतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये किमान विद्यावेतन द्यावं असं सुचवलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात विद्यावेतनाची तरतूद आहे. तरी ‘शिकाऊ उमेदवार’ न म्हणता ‘इंटर्न’ म्हटलं की मालक त्या कायद्याच्या कचाट्यातून सुटू पाहतो. वृत्तवाहिन्या, चित्रपट, स्वयंसेवी संस्था, संशोधन संस्था, सगळीकडे पहिली पायरी फुकटची आहे. आरक्षण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर कुठेतरी भेटतं, आणि खासगी क्षेत्रात तर तेही नाही.

मित्रहो, १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. बुद्धी त्यांची स्वतःची होती, जिद्दही स्वतःची होती. पण ते साडेअकरा पौंड नसते तर? ‘अनुभव मिळेल, नाव होईल’ एवढ्यावर त्यांना न्यूयॉर्कला राहता आलं असतं का? शिष्यवृत्तीसाठी आपण मोर्चे काढतो ते याचसाठी. मग शिक्षण संपल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांच्या भाकरीबद्दल आपण गप्प का?

म्हणून आमचं सांगणं तीन गोष्टींचं आहे. पहिली, इंटर्नशिप स्वीकारण्याआधी मानधन किती, तास किती, काय शिकवणार, हे लेखी मागा. एकट्याने मागणं अवघड जातं, म्हणून कॉलेजातल्या सगळ्यांनी मिळून मागा. दुसरी, विद्यार्थी संघटनांनी शिष्यवृत्तीच्या मागणीबरोबर सशुल्क उमेदवारीची मागणी जोडावी. किमान विद्यावेतन सक्तीचं करा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना प्रशिक्षणाच्या काळात राहण्याचा खर्च द्या, असं सरकारला ठणकावून सांगावं. तिसरी गोष्ट घरातली आहे. आपल्या संस्था, मासिकं, यूट्यूब वाहिन्या, शिबिरं यांतही तरुण मुलं राबतात आणि बायका शेकडो माणसांचा स्वयंपाक करतात. चळवळीसाठी वेळ देणं वेगळं आणि नेहमीचं काम कोणाकडून फुकट करून घेणं वेगळं. ही रेघ प्रत्येक संस्थेने आपल्या बैठकीत स्पष्ट आखावी, आणि अंदाजपत्रकात मंडप-माइकच्या आधी या हातांचा खर्च लिहावा.

आणि यापुढे कोणत्याही प्रसिद्ध शेफच्या रेस्टॉरंटचं गुणगान किंवा निंदा वाचाल तेव्हा चव कशी होती यावर थांबू नका. आत किती माणसं होती, त्यांना किती मिळालं, आणि ज्यांना परवडलं नाही म्हणून जे आत येऊच शकले नाहीत ते कोण, हे विचारा. मुंगी ताटात आली याचं आम्हाला वावडं नाही. ती ताटात ठेवणाऱ्या हाताला मजुरी मिळाली पाहिजे, एवढंच आमचं म्हणणं आहे.

जय भीम!