उफणणीचा वारा

मराठी भाषा वाऱ्याशी फारशी न्यायाने वागलेली दिसत नाही. कोणी एखाद्याचा आधार काढून घेतला, म्हणजे त्याने त्याला ‘वाऱ्यावर सोडले’ असे आपण म्हणतो. उनाड मुलाला ‘वारा प्यालेले वासरू’ म्हणतो. प्रसंग पाहून जो आपली मते बदलतो, तो ‘वारा पाहून पाठ फिरविणारा’ ठरतो. पाण्याला आपण जीवन म्हटले, भूमीला माता म्हटले, अग्नीला साक्षी मानले. परंतु ज्याच्यावाचून आपण घटकाभरही जगू शकत नाही, त्या वाऱ्याच्या वाट्याला मात्र असे दूषणांचेच शब्द अधिक आले. याचे कारण उघड आहे. वारा एका जागी राहत नाही व कोणतीही वस्तू एका जागी राहू देत नाही. आपल्याला स्थिरतेची आवड, त्याला चलनवलनाची. म्हणून फाल्गुन-चैत्रात तो सुटू लागला की आपण प्रथम खिडक्या लावून घेतो. मला वाटते, ही आपली चूक होते. ज्या दिवसांत वारा बोलवावयास येतो, त्या दिवसांत दार उघडून बाहेर जावयास हवे.

बीड जिल्ह्याच्या उत्तरेस गेवराई तालुका आहे आणि त्या तालुक्यात उमापूर हे गाव आहे. गोदावरी या तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहत जाते. मुलूख पर्जन्यछायेतला, पाऊस येईलच अशी खात्री कोणी देत नाही. येथला वसंत कवितेतल्यासारखा मंद सुगंधाचा नसतो. तो धुळीचे वस्त्र पांघरून येतो. सकाळी हवा स्तब्ध असते. सूर्य वर चढू लागला की काळी जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, आणि तिची जागा घेण्यासाठी दुसरीकडची हवा धावत येते. दुपारी उघड्या रानात एखादी वावटळ उठते आणि पालापाचोळ्याचा खांब करून नाचत निघून जाते. मोठी माणसे डोळ्यांवर उपरण्याचा शेव धरतात. मुले मात्र तिच्यामागे धावतात. या एका बाबतीत तरी मुले अधिक शहाणी असतात, असे म्हणावेसे वाटते.

कारण हा वारा रिकामा फिरत नसतो. कडुनिंबाची पिवळी पाने तो उतरवून ठेवतो, आणि पाहता पाहता त्याच फांद्यांवर तांबूस कोवळी पालवी लवलवू लागते. पिंपळाचेही तसेच. बांधावरच्या रुईची बोंडे तडकतात आणि त्यांतून रेशमी केसांच्या ‘म्हाताऱ्या’ निघून आकाशात तरंगू लागतात. मुलांना तो खेळ वाटतो. पण त्या प्रत्येक म्हातारीच्या पोटाशी एक बी असते. वावळीच्या झाडाची चपटी, पंखांची फळे याच दिवसांत भिरभिरत दूर जाऊन पडतात. झाडाला पाय नाहीत. त्याच्या लेकरांना नवे रान दाखविण्याचे काम वारा करतो. जुने पान गळाले नाही, तर नव्याला जागा मिळत नाही. आणि बी आईच्याच सावलीत पडून राहिले, तर त्याचे झाड क्वचितच होते. वसंताचा वारा ही दोन्ही कामे एकाच वेळी करीत असतो.

परंतु या वाऱ्याची खरी किंमत पूर्वी जितकी खळ्यावर कळत असे, तितकी दुसरीकडे कोठेही कळत नसे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीस येते. कणसे खुडून खळ्यावर आणीत. खळ्याच्या मधोमध तिवडा रोवलेला असे, आणि बैलांची पात त्याच्याभोवती फिरून मळणी करीत असे. मळणी झाली, तरी दाणा आणि भूस एकत्रच असत. त्यांना वेगळे करण्याचे सामर्थ्य मनुष्याच्या हातांत नव्हते. ते वाऱ्यात होते. म्हणून शेतकरी मूठभर माती वर उधळून वाऱ्याची दिशा पाही, तिवईवर चढे, आणि भरलेले सूप उंच धरून हळूहळू रिते करी. दाणा जड, तो पायाशी सरळ पडे. भूस हलके, ते वाऱ्यासरशी पलीकडे जाऊन पडे. वारा पडला, तर काम थांबे. वावटळ आली, तर दाण्यात पुन्हा कचरा मिसळे. म्हणून कधी रात्री-अपरात्री चांगला वारा सुटला, तर घरची माणसे झोप टाकून खळ्यावर उभी राहत.

नव्याचे स्वागत कसे करावे, याचा एवढा चांगला धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल. जगात बदलाचा वारा सुटतो, तेव्हा माणसे बहुधा दोन प्रकारांनी वागतात. काही जण आपले सूप झाकून बसतात. त्यांच्या घरी दाण्याबरोबर भूसही साठून राहते. काही जण सूपच वाऱ्यावर फेकून देतात. त्यांचा दाणाही जातो. उफणणारा मनुष्य या दोहोंपैकी काहीच करीत नाही. तो वाऱ्याला तोंड देऊन उभा राहतो, जे आहे ते सर्व त्याच्यापुढे धरतो, आणि जे जड असेल तेवढेच ठेवून घेतो.

आज बहुतेक ठिकाणी ही उफणणीही राहिलेली नाही. मळणीयंत्र आले आणि कित्येक दिवसांचे काम काही तासांत होऊ लागले. या बदलाबद्दल हळहळणारे लोक आहेत. खळ्यावरची गाणी गेली, शेजाऱ्यापाजाऱ्यांची मदत गेली, असे ते म्हणतात. आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु उन्हात तासन् तास हात उंचावून उभे राहणाऱ्या बाईच्या खांद्यांना विचारले, तर ते यंत्रालाच दुवा देतील. शिवाय यंत्राच्या पोटात डोकावून पाहिले, तर तेथे एक पंखा फिरताना दिसतो. तोही वाराच घालतो. दाणा खाली पडतो आणि भूस दूर फेकले जाते. तिवई गेली, सूप गेले. पण उफणणीचे तत्त्व गेले नाही. चांगल्या बदलाची हीच ओळख आहे. त्यात कष्ट जातात, कस राहतो.

असाच एक बदल आपल्या देशाने एका वसंत ऋतूत पाहिला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. तोपर्यंत रुपयाचे सोळा आणे व चौसष्ट पैसे होते. त्या दिवसापासून शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे! वाण्याच्या दुकानात आणि पोस्टाच्या खिडकीवर माणसे बोटे मोजीत उभी राहिली. पण चार-सहा वर्षांत हिशेब इतका अंगवळणी पडला, की १९६४ साली ‘नवा’ हा शब्दच गळाला आणि नुसता पैसा उरला. आण्याचे नाणे गेले. परंतु एखादी गोष्ट अगदी खरी असली, की अजूनही आपण ती ‘सोळा आणे खरी’ असेच म्हणतो. नाणे भूस होते, ते उडाले. म्हण दाणा होती, ती राहिली.

उमापूरच्या वायव्येस गोदावरीच्या काठी पैठण आहे. फाल्गुन वद्य षष्ठीस, म्हणजे याच वाऱ्याच्या दिवसांत, तेथे नाथषष्ठीची यात्रा भरते आणि दिंड्या धूळ तुडवीत पैठणची वाट चालतात. ज्या एकनाथमहाराजांसाठी ही वाट चालावयाची, ते स्वतः मोठे उफणणारे होते. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत नकला करता करता अनेक चुकीचे पाठ शिरले होते. नाथांनी त्या पोथ्या ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. जुने म्हणून सगळेच पवित्र, असे त्यांनी मानले नाही. आणि पाठ बिघडला म्हणून ग्रंथही टाकला नाही. भूस तेवढे उडवून दाणा आपल्या हाती दिला. परंपरेवरचे खरे प्रेम ते हेच.

येथे कोणी म्हणेल, की वाऱ्याचे हे कौतुक घरात बसलेल्यांनी करावे. ज्याच्यावर तो तुटून पडतो, त्याला विचारा. हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वादळासह झालेल्या गारपिटीने मराठवाड्यातील उभी पिके झोडपून काढली. तो वारा दाणा आणि भूस असा भेद करणारा नव्हता. माणसांच्या आयुष्यातही असे वारे येतात. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि कारखान्यांचे गाळप संपले, की मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. त्यांच्या आयुष्यात बदल काय थोडा असतो? दर वर्षी घर बदलते, गाव बदलते, शेजार बदलतो. आईबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलाची शाळा सुटते. अशा मुलाला ‘बदलाचे स्वागत कर’ असे सांगणे ही थट्टाच होईल. त्याने वारा निवडलेला नाही. वाऱ्याने त्याला उचलले आहे.

म्हणून माझे म्हणणे मी अधिक नेमके करतो. ज्याच्या पायाखाली तिवई आहे, त्यालाच उफणता येते. ज्याला उभे राहण्यास जागा नाही, तो स्वतःच भुसासारखा उडतो. आईबाप तोडणीस गेल्यावर मुलांना गावातच राहून शिकता यावे, म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय करण्यात येते, ती याच दृष्टीने मोलाची आहे. दोन वेळचे जेवण, रात्री निजण्यास सुरक्षित जागा आणि सकाळी उघडणारी शाळा, ही त्या मुलाची तिवई होय. ती भक्कम असेल, तर उद्या तोच मुलगा वाऱ्याकडे तोंड करून आपले सूप आपल्या हातांनी धरील. बदलाचे गुणगान करणाऱ्या प्रत्येकाने प्रथम आपल्या शेजाऱ्याच्या पायाखाली काय आहे, हे पाहिले पाहिजे. ज्या वर्गात वर्षाच्या मध्येच एखादे बाक रिकामे होते आणि चैत्रात पुन्हा भरते, त्या वर्गातील मुलांनाही यात करण्यासारखे पुष्कळ आहे. परत आलेल्या सोबत्याला आपली वही द्यावी, राहिलेले धडे त्याच्याबरोबर वाचावेत, आणि त्याने पाहिलेला मुलूख त्याच्याकडून ऐकावा. त्याच्यापाशीही आपल्याला ठाऊक नसलेले पुष्कळ असते.

आपल्यापैकी ज्यांना अशी तिवई लाभली आहे, त्यांनी मात्र वाऱ्याला भिण्याचे कारण नाही. त्यासाठी मोठे काही करावे लागते असेही नाही. रोज ज्या वाटेने जातो, ती सोडून एखादे दिवशी बांधावरच्या वाटेने जावे. ज्याच्याशी कधी बोललो नाही, त्याच्या शेजारी बसावे. आपले मत चुकले असे दिसले, तर ते मोकळेपणाने बदलावे. ते वारा पाहून पाठ फिरविणे नव्हे. लाभासाठी पाठ फिरविणारा आणि सत्यासाठी तोंड फिरविणारा, या दोघांत भूस आणि दाणा यांच्याइतकेच अंतर आहे.

पाडव्याला मराठवाड्यात जुने साल संपून नवे सुरू होते. सालगड्याचा करार नवा होतो, दारी गुढी उभी राहते आणि कडुनिंबाचा कोवळा पाला तोंडात घालून वर्षाचा आरंभ होतो. तो पाला कडू असतो, आणि तो फाल्गुनातल्या वाऱ्याने जुनी पाने उतरविल्यामुळेच आलेला असतो. नव्याची पहिली चव बहुधा अशीच असते. ती चाखून झाल्यावर दाराबाहेर यावे आणि गुढीचे वस्त्र कोणत्या दिशेला फडफडते आहे, ते पाहावे. वारा सुटलेला असतो. सूप हाती घेणे तेवढे आपल्याकडे असते.