प्रश्नावलीतले गुण आणि घरातले नातवंड

स्मरणशक्तीची चाचणी आपल्यापैकी अनेकांनी दिली असेल: आजची तारीख, तीन वस्तूंची नावे, शंभरातून सात-सात वजा करणे. ही चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. हरियाणातील बल्लभगडच्या वृद्धांसाठी ती हिंदीत आणताना संशोधकांनी अक्षरओळख नसलेल्यांचा विचार केला. ‘वाचा आणि तसे करा’ याऐवजी ‘माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’ असे सांगण्यात आले. शाळा न शिकणे म्हणजे विस्मरण नव्हे, हे त्या बदलाने मान्य केले.

असाच एखादा कागद आज नातवंडाच्या हाती दिसू शकतो. त्यातले प्रश्न मात्र वेगळे असतात. जन्मवेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःविषयीची आतली जाणीव यांचा मेळ बसत नाही व त्यातून दीर्घकाळ तीव्र घालमेल होते, तेव्हा तिला जेंडर डिस्फोरिया म्हणतात. मेळ न बसणे हा मनोविकार नव्हे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात जागतिक आरोग्य संघटनेने ही अवस्था मनोविकारांच्या प्रकरणातून काढली आहे.

ही घालमेल मोजण्यासाठी नेदरलँड्समधील बारा विधानांची युट्रेक्ट प्रश्नावली बरीच वापरली जाते. तिच्या मूळ स्वरूपात जन्माने मुलगी व जन्माने मुलगा यांसाठी निरनिराळी विधाने आहेत. मुलींच्या विधानांत मासिक पाळीचा तिटकारा येतो, मुलांचे आयुष्य अधिक हवेसे वाटणे येते. आता आपल्या भागातील घरे डोळ्यांपुढे आणा. पाळीत चार दिवस बाजूला बसावे लागणारी, शाळेत धड स्वच्छतागृह नसलेली मुलगी पाळीला कंटाळणारच. भाऊ लातूरला शिकवणीला आणि आपण चुलीपाशी, असे असेल तर मुलाचा जन्म बरा, असे तिला वाटणारच. हा जाच आहे, डिस्फोरिया नव्हे. उलट, खरोखर घालमेल सोसणारे मूल घरच्यांच्या धाकाने ‘तसे काही नाही’ या रकान्यात खूण करील. गुण दोन्हीकडे फसवतील.

शिवाय मराठीची स्वतःची एक अडचण आहे. इंग्रजीत ‘मी’ बोलताना क्रियापद लिंग सांगत नाही. आपल्याकडे ‘मी जगतो’ की ‘मी जगते’ हे ठरवल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. जे विचारायचे, ते कागदच आधी ठरवून मोकळा होतो! त्यातल्या त्यात ‘मला वाटते’, ‘मला नकोसे होते’ ही रचना सोयीची. जाणता भाषांतरकार तिचा आधार घेईल.

म्हणून नुसते भाषांतर पुरत नाही. मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून मराठीचे पुन्हा इंग्रजी करून पडताळावे लागते. वाचणाऱ्याला काय उमगले, हे त्यालाच विचारावे लागते. घालमेल असलेले व नसलेले, अशा दोन्ही गटांत गुण वेगळे येतात का, काही दिवसांनी तेच उत्तर मिळते का, हेही पाहावे लागते. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो, हे आपण जाणता. न तपासलेली प्रश्नावली तशीच असते.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात शारीरिक चाचणीपेक्षा मानसिक कसोटीला महत्त्व दिले. त्याचा अर्थ गुणपत्रिका असा घेऊ नये. व्यक्तीने स्वतःची ओळख स्वतः सांगणे, हाच त्या निकालाचा गाभा होता.

गुण कमी आले म्हणून ‘खूळ उतरवतो’ म्हणणाऱ्याच्या दारी मुलाला नेऊ नका. असे ‘उपचार’ करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. नांदेडला विष्णुपुरीचे किंवा लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. तेथील मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. प्रश्नावली पुढे आली तर ती मराठी भाषकांवर तपासलेली आहे का, हे नि:संकोच विचारा आणि नातवंडाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. आपण बाहेर बाकावर बसा. मूल जेवत-झोपत नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर प्रश्नावलीची वाट न पाहता त्याच दिवशी जा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीत बोलता येते.