त्याला कच्चा लिंबू करू नका

गेल्या वर्षी आमच्या सहलीची बस कसारा घाटात तासभर अडकली. मुलं कंटाळली, म्हणून मी माझा मोबाईल दिला. एकाच रंगाचे फुगे जुळवून फोडायचा साधा खेळ. नववीतला एक मुलगा सारखा हरत होता. "याला खेळताच येत नाही," म्हणत बाकीच्यांनी मोबाईल काढून घेतला. नंतर तो हळूच म्हणाला, "मॅडम, लाल आणि हिरवा मला सारखाच दिसतो." आणि मी वर्षभर त्याच्या वहीत चुका लाल शाईने, चांगली वाक्यं हिरव्या शाईने अधोरेखित करत होते!

फुग्यांवर त्रिकोण, चौकोन, चांदणी असती तर तो आरामात खेळला असता. गेम बनवणाऱ्यांनी अशा सोयी द्यायलाच हव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंगणातल्या खेळात आपण लहानग्याला 'कच्चा लिंबू' करतो. तो पळतो, पण आउट होत नाही. खरं तर मोजलाच जात नाही. सोयी द्या म्हटलं की लोकांना हेच वाटतं, नियम ढिले होणार, मजा जाणार. पण बुद्धिबळ बघा. विदित गुजराथीच्या नाशिकला ते काय सांगायचं! दृष्टिहीन खेळाडूंच्या पटावर काळी घरं थोडी उंच असतात, प्रत्येक घराला भोक, मोहऱ्यांना खुंटी. चाल मोठ्याने सांगायची. घोडा तिथेही अडीच घरंच चालतो आणि हरणारा हरतोच.

२०२० साली आलेल्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या गेममध्ये अशा ६० हून जास्त सोयी होत्या. (गेम मोठ्यांसाठीचा आहे, मुलांना देऊ नका.) छोट्या कंपन्यांना खर्च परवडेल का, हा प्रश्न खरा आहे. पण आकार, मोठी अक्षरं, टायमर बंद करायचं बटण हे आधीच ठरवलं तर फार जड जात नाही. गेम तयार झाल्यावर बदलायला गेलं की महाग पडतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणुकीतही समान सहभागाचा हक्क आहे. मात्र त्यातल्या २१ प्रकारांत रंगांधळेपणा नाही. म्हणजे माझा विद्यार्थी कागदोपत्री दिव्यांगच नाही! म्हणून सोय सगळ्यांच्याच सेटिंगमध्ये हवी, दाखला न विचारता.

यंदा पत्रलेखनाला मी हाच विषय दिला: गेम कंपनीला पत्र. विनंतीपत्र लिहायचं की मागणीपत्र, यावर वर्गात वाद झाला. त्या मुलाने मागणीपत्र लिहिलं.