सुंसाची उमेदवारी

उमेदवारी म्हणजे काय, हे आमच्या आजोबांच्या पिढीला कोणी सांगावे लागत नसे. कचेरीत वर्ष-वर्ष बिनपगारी खर्डेघाशी करावी, हेडक्लार्कची मर्जी राखावी आणि एखादी जागा रिकामी झालीच तर तिला चिकटावे, अशी ती रीत होती. रीत वाईटच, परंतु उमेदवार निदान काम शिकत असे. मसुदा कसा करावा, दप्तर कसे लावावे, हे त्याच्या हातात बसे. तीच उमेदवारी आज ‘इंटर्नशिप’ हे नाव धारण करून काशीच्या घाटांवर अवतरली आहे, आणि तिच्यात जेवढे खरे होते तेवढेच नेमके वाटेत गळून पडले आहे.

निमित्त घरचेच आहे. आमची भाची येथे प्राणिशास्त्र शिकते. गेल्या हिवाळ्यात सूंस वाचवण्याच्या एका मोहिमेत तिने महिनाभर उमेदवारी केली. सूंस म्हणजे गंगेतला डॉल्फिन. (मराठीतली सुसर आणि इकडचा सूंस हे दोन्ही शब्द संस्कृत ‘शिशुमारा’चेच वंशज दिसतात. आपल्याकडे ते नाव मगरीच्या गोतात गेले, म्हणून नवा मराठी यात्रेकरू ‘सूंस’ ऐकताच पाण्यातून पाय काढून घेतो.) महिनाभरात मुलीने केले काय? फलक रंगवले, अस्सी घाटावर घोषणा दिल्या, शाळांतून प्रतिज्ञा वाचल्या आणि छायाचित्रासाठी रांगेत उभी राहिली. नावेत एकदाही बसली नाही. सूंस तिला दिसला नाही. फलकासाठी जो नमुना दिला होता, तो निळ्या लाटेवरून कमानदार उडी घेणारा समुद्रातला डॉल्फिन होता! गंगेतला जीव करडा-तपकिरी, लांब निमुळत्या चोचीचा आणि जवळजवळ आंधळा. तो श्वासापुरता वर येतो आणि पाहणाऱ्याचे बोट उचलण्याआधी नाहीसा होतो. ज्याला वाचवायचे त्याचे तोंडही न ओळखणाऱ्या मोहिमेने मुलीला ‘संरक्षक’ म्हणून प्रमाणपत्र दिले. ते तिने आम्हांला दाखवले नाही, कपाटात सापडले.

ह्यावर ‘लोकजागृती’ हे उत्तर तयार असते. जागृती कोणाची? अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांच्या यादीत ‘गंगापुपुटक’ आहे, आणि तो सूंसच असावा असे बरेच अभ्यासक मानतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत घेतले, २००९ साली तो राष्ट्रीय जलचर ठरला, २०२० साली त्याच्या नावाचा राष्ट्रीय प्रकल्प जाहीर झाला. घोषणांची उपासमार ह्या प्राण्याने कधी सोसलेली नाही. तो मरतो तो जाळ्यात अडकून गुदमरल्याने, त्याच्या तेलाचा मासे धरण्यासाठी आमिष म्हणून उपयोग होतो म्हणून, बांध-बंधाऱ्यांनी नदी तोडल्याने आणि पाणी उथळ झाल्याने. शिवाय आंधळ्याचे डोळे म्हणजे त्याचे कान. स्वतःच्या टिकटिकीचा प्रतिध्वनी ऐकून जो भक्ष्य शोधतो, त्याच्या डोक्यावर दिवसभर यंत्रनावा फिरत असतील तर त्याची अवस्था काय होत असेल? उन्हाळ्यात पाणी कमी असताना हा गोंगाट त्याला अधिकच दमवतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. काशीतल्या पुष्कळ नावांना आता सीएनजीची यंत्रे बसली आहेत. धूर कमी झाला हे मान्य, पण पंखा पाण्यात फिरतोच आहे.

आणि येथली गोष्ट तर हाताच्या अंतरावर आहे. रामनगरच्या किल्ल्यापासून राजघाटच्या पुलापर्यंतचे सात किलोमीटर पाणी १९८९ पासून कासवांचे अभयारण्य होते. २०१८ च्या नोव्हेंबरात रामनगरला मालवाहू जहाजांचा धक्का सुरू झाला आणि २०२० साली अभयारण्य रद्द झाले. ह्या निर्णयाच्या बाजूनेही बोलता येईल, बोलावे. परंतु नदीच्या जिवांसाठी मुलांना घाटावर उभे करणाऱ्यांनी त्याच घाटासमोरच्या ह्या उलाढालीविषयी एक अवाक्षर काढू नये, ही जागृती नव्हे. हे मुलांना गप्प बसायला शिकवणे आहे.

खरी उमेदवारी कशी असते, हेही लपलेले नाही. २०२१ ते २०२३ या काळात आठ राज्यांतल्या अठ्ठावीस नद्यांतून साडेआठ हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून माणसांनी सूंस मोजले. २०२५ साली आकडे प्रसिद्ध झाले: गंगा-ब्रह्मपुत्रेच्या प्रवाहांत ६,३२४, आणि बियास नदीत सिंधूच्या जातीचे अवघे तीन. वर येणारा प्राणी एकाच्या नजरेतून सुटला तर दुसऱ्याने टिपावा, म्हणून नावेवर वेगवेगळे पाहणारे बसतात. तोच प्राणी दोनदा मोजला जाऊ नये याचा हिशेब ठेवतात. हे काम फलकावर शिकता येत नाही. चीनमध्ये यांगत्से नदीवर २००६ साली असेच पाहणारे सहा आठवडे डोळे ताणून बसले होते. तेथल्या बैजी डॉल्फिनपैकी एकही त्यांना दिसला नाही.

आमचे म्हणणे एवढेच की मुलांना मल्लाहाच्या हाताखाली द्या. कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, कोणत्या भोवऱ्याच्या कडेला सूंस वर येतो, हे त्याला ठाऊक असते. त्याला गुरू म्हणून मेहनताना द्या, आणि उमेदवारालाही पोटापुरते द्या. नाहीतर ही विद्या ज्यांच्या घरून खर्च चालतो त्यांचीच होऊन बसेल.

येथे आम्हां काशीकर मराठ्यांची बाजूही फारशी उजळ नाही. आपल्या पूर्वजांनी घाट बांधले, अहल्याबाईंनी विश्वेश्वराचे देऊळ उभारले, ह्याचा अभिमान आम्ही ब्रह्माघाटापासून दुर्गाघाटापर्यंत मिरवतो. पण पायरीच्या खाली काय पोहते, हे आम्ही मल्लाहाला कधी विचारले नाही. भाचीने नावेतून जाण्याचा विषय काढला तेव्हा ‘मुलीच्या जातीला हे कशाला?’ असे प्रथम म्हणाले ते मोहिमेतले कोणी नव्हते, आमच्याच घरातले वडीलधारे होते. आणि त्या वेळी आम्ही गप्प बसलो.

आता ती रविवारी पहाटे कैथीला, गोमतीच्या संगमावर जाते. नावेचे भाडे आम्ही देतो. तिसऱ्या खेपेस तिला एक पाठ दिसली. वहीत तिने वेळ लिहिली आहे, आणि पुढे कंसात लिहिले आहे: ‘आधी नाववाल्याला दिसला.’