प्रोग्राम नेमका चालतो कुठे?

लखनौच्या अलीगंजमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाला सुट्टीत मुंबईला यायचे, तर पूर्वी घरच्या कर्त्या माणसाची एक सकाळ त्यातच जायची. गोमती ओलांडून चारबाग गाठायचे, रांग लावायची आणि पुष्पक एक्स्प्रेसचे तिकीट काढायचे. ते हाती आले तरी जीव अर्धाच भांड्यात पडे, कारण परतीच्या आरक्षणासाठी तारेवर नाहीतर मुंबईतल्या नातेवाइकावर विसंबावे लागे. आता हेच काम घरच्या लॅपटॉपवर होते. मात्र कधी पडद्यावरचे चक्र गरगर फिरतच राहते, खात्यातून पैसे जातात आणि तिकिटाचा पत्ता नसतो. अशा वेळी रागवायचे कोणावर, लॅपटॉपवर की रेल्वेवर? ते ठरवण्यासाठी एक गोष्ट ठाऊक हवी. आपण बटण दाबतो तेव्हा प्रोग्राम नेमका कुठे चालतो?

आधी घरातल्या यंत्राचे पाहू. बटण दाबण्यापूर्वी संगणकाची चालू स्मृती, म्हणजे रॅम, पाटीसारखी कोरी असते. आतल्या एका चिपमध्ये मात्र छोटासा प्रोग्राम कायमचा लिहून ठेवलेला असतो. तो कळफलक, पडदा, डिस्क जागच्या जागी आहेत ना ते पाहतो आणि डिस्कवरून दुसरा, जरा मोठा प्रोग्राम उचलतो. तो आणखी मोठ्याला उठवतो, आणि शेवटी विंडोजसारखी प्रणाली उभी राहते. चूल पेटवताना काडीने कागद, कागदाने चिपाड आणि चिपाडाने लाकूड पेटवावे, तसाच हा प्रकार.

पुढचा कारभार स्वयंपाकघरासारखा चालतो. हार्ड डिस्क ही कोठीची खोली आणि रॅम हा ओटा. कोठीत कितीही सामान भरलेले असो, शिजवायचे ते ओट्यावर आणावेच लागते. प्रोग्रामवर टिचकी मारली की त्याची नक्कल डिस्कवरून रॅममध्ये येते आणि तिथून प्रोसेसर तिच्यातल्या आज्ञा एकेक करून पाळू लागतो. वीज गेली आणि बॅटरीही संपली, की ओट्यावरचे सगळे जाते, कोठीतले राहते. लिहिलेले पत्र ‘सेव्ह’ करा म्हणतात ते याचसाठी. एकाच वेळी दहा-बारा प्रोग्राम उघडले तर ओटा अपुरा पडतो, संगणकाला सारखे कोठीत हेलपाटे घालावे लागतात आणि सगळेच रेंगाळते.

चिप आणि डिस्क यांतला हा फरक उत्तर प्रदेशातल्या मुलांना एकदा चांगलाच कळला. ११ मार्च २०१३ रोजी लखनौत राज्य सरकारने बारावी झालेल्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटायला सुरुवात केली. योजना होती सुमारे १५ लाख यंत्रांची, आणि एकाची किंमत १९ हजारांच्या आसपास. यंत्र सुरू केले की पडद्यावर मुलायमसिंह आणि अखिलेश यादव यांची छायाचित्रे येत. ती काढायला गेले तर लॅपटॉपच बंद पडतो, अशा बातम्याही तेव्हा आल्या. त्या सगळ्या खऱ्या होत्या की नाही ते बाजूला ठेवू, पण असे घडू शकते. पडद्यामागचे साधे चित्र डिस्कवर असते, ते कोणीही बदलावे. सुरुवातीचे चित्र चिपमधल्या प्रोग्रामबरोबर गोवलेले असेल, तर ते बदलायला ती चिपच नव्याने लिहावी लागते. ते लिखाण अर्ध्यावर तुटले, तर पहिली काडीच हरवली. मग डिस्क कितीही धडधाकट असली तरी यंत्र उठत नाही. वस्तू आपल्या मालकीची झाली, तरी तिच्या सुरुवातीवर हुकूमत दुसऱ्याची असू शकते ती अशी.

रेल्वेच्या खिडकीवरची तऱ्हा अगदी उलटी. दिल्लीत नोव्हेंबर १९८५ मध्ये संगणकावर आरक्षण सुरू झाले, तेव्हा कारकुनापुढे असे ते केवळ टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कळफलक. दाबलेली अक्षरे तारेने मुख्य संगणकाकडे जात, प्रोग्राम तिकडे चाले आणि उत्तर तेवढे इकडे उमटे. अडचण अशी, की दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच केंद्रांचे हिशेब वेगवेगळे होते. ‘क्रिस’ या रेल्वेच्याच संस्थेने ‘कॉन्सर्ट’ नावाची प्रणाली तयार केली. १९९४ मध्ये ती सिकंदराबादला सुरू झाली आणि १९९९ पर्यंत पाचही केंद्रे एकमेकांशी जोडली गेली. परतीच्या तिकिटाची विवंचना मिटली ती त्यामुळे.

ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवर तिकिटे मिळू लागली आणि काम दोन जागी वाटले गेले. संकेतस्थळ उघडले की त्याच्या पानाबरोबर छोटे प्रोग्रामही तारेवरून येतात आणि आपल्याच रॅममध्ये चालतात. तारखांची यादी उघडणे, चुकलेला रकाना लाल करणे ही कामे त्यांची. बर्थ देण्याचा अधिकार मात्र रेल्वेच्या संगणकाकडेच. म्हणून चक्र फिरू लागले की आधी दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते चटकन उघडले, तर गर्दी तिकडे आहे. तेही अडले, तर जोडणीची तक्रार करावी. आणि इंटरनेटशिवाय चालणाऱ्या प्रोग्राममध्येही अक्षरे उशिरा उमटत असतील, तर आपलाच ओटा भरला आहे. पैसे गेले आणि तिकीट नाही, यात बँकेचा संगणक वेगळा आणि रेल्वेचा वेगळा. मधला निरोप तुटलेला असतो. अशा वेळी घाईने दुसरे तिकीट काढू नये. आपल्या खात्यातली आरक्षणांची यादी आधी पाहावी. तिकीट झालेच नसेल, तर रक्कम साधारणपणे काही दिवसांत परत येते.

एक धोका मात्र मोबाइलवाल्यांनी ध्यानात ठेवावा. संकेतस्थळाबरोबर आलेल्या प्रोग्रामला ब्राउझर ओसरीवरच बसवतो, माजघरात येऊ देत नाही. पण एपीके फाइल आपण होऊन बसवली आणि विचारील त्या परवानग्या दिल्या, तर ती थेट माजघरात शिरते. बँकेचे निरोपसुद्धा वाचू शकते. ‘आयआरसीटीसीकनेक्ट डॉट एपीके’ नावाची अशीच बनावट फाइल व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरून फिरत असल्याचा इशारा २०२३ मध्ये आयआरसीटीसीने दिला होता. तिकिटाचे ॲप फोनच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे. निरोपातून आलेली फाइल उघडू नये, मग ती सख्ख्या भावाने पाठवलेली का असेना. त्यालाही ती दुसऱ्याच कोणीतरी पाठवलेली असते.