नळराजा आविन्योंला पोहोचला; आपण कोठे आहोत?

फ्रान्सच्या दक्षिणेला ऱ्होन नदीच्या काठी आविन्यों हे तटबंदीचे प्राचीन शहर आहे. चौदाव्या शतकात ख्रिस्ती जगताच्या पोपचे आसन येथे होते. १९४७ साली जाँ व्हिलार या नाट्यकर्मीने पोपच्या पाषाणी प्रासादाच्या प्रांगणात नाट्यप्रयोगांना आरंभ केला आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात तेथे भरणारा कलामहोत्सव आज जगातील अग्रगण्य महोत्सवांत गणला जातो. शहराबाहेर बुल्बों गावाजवळ दगडाची एक जुनी खाण आहे. २०१४ च्या जुलैमध्ये त्या खाणीत जपानमधील शिझुओका येथील नाट्यसंस्थेने एक प्रयोग सादर केला. त्यात सामुराई नव्हते, गेइशा नव्हत्या, चेरीच्या फुलांचा वर्षाव नव्हता. विषय होता महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान! बृहदश्व ऋषींनी द्यूतात सर्वस्व गमावलेल्या युधिष्ठिराला सांगितलेली, आपल्या रघुनाथ पंडितांनी मराठीत अजरामर केलेली, ती नळ-दमयंतीची कथा.

हे वाचून अनेक वाचकांचा ऊर अभिमानाने भरून येईल. तो भरून येण्यापूर्वी थोडे थांबावे, अशी प्रस्तुत लेखकाची विनंती आहे. कारण या प्रसंगात आपल्या कर्तृत्वाचा वाटा कितीसा आहे?

दिग्दर्शक सातोशी मियागी यांनी या प्रयोगामागे एक कल्पना योजली होती. सुमारे हजार वर्षांपूर्वी, जपानच्या हेइआन कालखंडात, महाभारत तेथे पोहोचले असते तर त्या काळच्या जपानी कलावंतांनी ते कसे सांगितले असते? त्या कल्पनेतून सर्व काही ठरले. शुभ्र कागदासारखी वेशभूषा, चित्रांच्या लांबलचक गुंडाळीप्रमाणे प्रेक्षकांभोवती फिरणारा वर्तुळाकार रंगमंच, नटांनीच वाजवलेली आघातवाद्ये, आणि कथेचा बहुतांश भार एकट्याच्या कंठावर पेलणारा निवेदक. हा निवेदक आला कोठून? ‘बुन्राकू’ या जपानच्या बाहुली-रंगभूमीवर ‘तायू’ नावाचा कथक असतो. सर्व पात्रांचे संवाद तो एकटा उच्चारतो आणि बाहुल्या केवळ अभिनय करतात. मियागी यांनी बोलणारा आणि हालचाल करणारा यांची तीच फारकत जिवंत नटांना लावली. कथा भारताची, परंतु ती सांगण्याची रीत आरपार जपानी. त्यांनी भगवी वस्त्रे भाड्याने आणली नाहीत की सतारीचे सूर मागे सोडून ‘भारतीय वातावरण’ निर्माण करण्याचा खटाटोप केला नाही.

याच खाणीचा एक जुना संदर्भ येथे सांगायलाच हवा. १९८५ साली पीटर ब्रूक या विख्यात इंग्रज दिग्दर्शकाने आपले नऊ तासांचे ‘महाभारत’ प्रथम सादर केले ते याच बुल्बोंच्या खाणीत. जगभरचे नट त्यात होते. द्रौपदीच्या भूमिकेत आपल्या मल्लिका साराभाई होत्या. त्या प्रयोगावर भारतात बरीच टीका झाली. रुस्तम भरुचा यांच्यासारख्या, आपल्या विचारधारेपासून बऱ्याच अंतरावर असणाऱ्या अभ्यासकानेही, ब्रूक यांनी महाभारत त्याच्या मातीपासून तोडले, असा आक्षेप घेतला. तो निराधार नव्हता. मात्र एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. त्या प्रयोगाच्या संगीतात तोशी त्सुचितोरी हे जपानी वादक होते आणि द्रोणाचार्यांची भूमिका करणारे योशी ओइदाही जपानीच होते. आपण ब्रूक यांच्यावर लेख लिहिले, परिसंवाद झोडले. जपानी रंगकर्मी मात्र एकोणतीस वर्षांनी त्याच खाणीत स्वतःचे महाभारत घेऊन आले. आणि आणखी तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, याच मियागींच्या ‘अँटिगनी’ने पोपच्या प्रासादातील मुख्य प्रांगणात महोत्सवाचे उद्घाटन झाले. आशियातील नाट्यसंस्थेला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

हे सामर्थ्य एका दिग्दर्शकाच्या प्रतिभेतून रातोरात उगवलेले नाही. परदेशी कलावंतांना कसे बोलवावे, त्यांच्याकडून काय घ्यावे आणि घेतलेले कसे जपावे, याची जपानची परंपरा थेट आठव्या शतकापर्यंत मागे जाते. इ. स. ७५२ मध्ये नारा या तेव्हाच्या राजधानीत तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा सोहळा झाला. मूर्तीच्या डोळ्यांत बाहुल्या रेखणारा हात भारतीय होता. बोधिसेन हे त्या भिक्षूंचे नाव. ७३६ साली ते समुद्रमार्गे जपानला पोहोचले होते. त्यांच्या हातातील कुंचल्याला एक लांब दोरा बांधला होता आणि जमलेल्या मंडळींनी तो धरला होता, जेणेकरून नेत्र उघडण्याच्या पुण्यात प्रत्येकाचा वाटा असावा. त्या दिवशी प्रांगणात चीनचे, कोरियाचे आणि चंपा राज्याचे, म्हणजे आजच्या मध्य व्हिएतनामचे, संगीत-नृत्य सादर झाले. चंपाचे नृत्य शिकविणारा भिक्षू बोधिसेनांच्याच सोबत आला होता. आजच्या भाषेत याला ‘आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव’ म्हणायला काहीच हरकत नाही!

पण खरा फरक सोहळ्यानंतर दिसतो. तो कुंचला आणि तो निळा दोरा आजही नाराच्या शोसोइन भांडारात आहे. त्या दिवशी वापरलेले मुखवटे आहेत, त्यांवर शाईने लिहिलेल्या तारखा आहेत. त्या ‘गिगाकू’ मुखवट्यांमध्ये एक ‘कारुरा’ आहे, म्हणजे आपला गरुड. दुसरा ‘बारामोन’, म्हणजे ब्राह्मण. (त्या नाट्यात बारामोन लंगोट धुताना दाखवीत, हेही सांगितले पाहिजे. पाहुण्याची थट्टा करण्याची मुभा तेव्हाही होती.) गिगाकूची जिवंत परंपरा कालौघात लोपली; परंतु मुखवटे राहिल्यामुळे १९८० साली तोदाइजीच्या जीर्णोद्धार-समारंभात तिची पुनर्रचना करता आली. चंपामार्गे आलेली काही नृत्ये तर राजदरबाराच्या ‘गागाकू’ संगीतात आजही सादर होतात. त्यांतील ‘कार्योबिन’ हे आपल्या पुराणग्रंथांतील कलविंक पक्ष्याचे नृत्य. पाठीला पंख लावलेली बालके ते करतात. बाराशेहून अधिक वर्षे त्यांनी दुसऱ्याची ठेव सांभाळली आहे.

याचा अर्थ जपानला मोह पडला नाही असे नाही. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ओतोजिरो कावाकामी आणि त्यांची पत्नी सादा याक्को यांच्या नाटक मंडळीला प्रचंड यश मिळाले. ते कशाच्या बळावर? कथानके कापून-जोडून आटोपशीर केली होती, आणि नाट्यगृहाची चालक, अमेरिकन नर्तकी लोई फुलर हिच्या आग्रहाखातर पोट फाडून घेण्याचा, हाराकिरीचा, प्रसंग त्यांत घुसवला होता. पॅरिसकरांना जपान म्हणजे रक्त आणि रेशीम एवढेच हवे होते. मंडळींनी ते पुरवले. महोत्सवाला निघालेल्या प्रत्येक कलावंतापुढे हा सापळा असतोच. यजमानाला आपल्याबद्दल जे आधीपासून वाटते आहे तेच त्याला दाखवायचे आणि टाळ्या घेऊन परतायचे. १९०० च्या पॅरिसपासून २०१४ च्या आविन्योंपर्यंत जपानने जे अंतर कापले, त्याचे रहस्य त्या देशाने घरी काय केले, यात आहे.

१८६८ च्या राज्यक्रांतीनंतर शोगुनांचा आश्रय तुटला आणि ‘नो’ रंगभूमी मरणपंथाला लागली. नटांनी पोशाख विकले, व्यवसाय बदलले. उमेवाका मिनोरू यांच्यासारख्या थोड्यांनी मुखवटा खाली ठेवला नाही. पुढे इवाकुरा यांचे शिष्टमंडळ युरोप-अमेरिकेत जाऊन तेथील ऑपेरा पाहून आले, आणि मग त्यांना आपल्या घरातील नो आठवले! परक्याच्या आरशात पाहून स्वतःची ओळख पटण्याचा हा रोग केवळ आपलाच नाही, हे पाहून थोडे बरे वाटते. पण जपानने पुढचे पाऊलही टाकले. १९४९ च्या जानेवारीत होर्यूजी मंदिराच्या सुवर्णमंडपाला आग लागून प्राचीन भित्तिचित्रे होरपळली. त्या धक्क्यातून १९५० चा सांस्कृतिक संपदा संरक्षण कायदा आला. त्यात इमारती आणि मूर्ती होत्याच, शिवाय माणसाच्या कंठात आणि हातात वसणारी कलाही ‘संपदा’ मानली गेली. १९५५ पासून त्या कलांच्या श्रेष्ठ धारकांची अधिकृत निवड होऊ लागली. लोक त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात. त्यांना वर्षाला २० लाख येन मिळतात, ते शिष्य घडविण्यासाठी. शाल-श्रीफळ नव्हे! १९६६ मध्ये टोकियोत राष्ट्रीय नाट्यगृह उघडले, १९८४ मध्ये ओसाकात बुन्राकूसाठी स्वतंत्र नाट्यगृह झाले. बुन्राकूच्या प्रशिक्षणवर्गातून तयार झालेल्यांची संख्या आज त्या कलेतील एकूण कलावंतांच्या निम्म्याहून अधिक आहे.

तेथे सारे आलबेल आहे, असे मात्र कोणी समजू नये. २०१२ साली ओसाकाचे महापौर तोरू हाशिमोतो यांनी बुन्राकूच्या अनुदानाला कात्री लावली आणि प्रेक्षकसंख्या दाखवा, मग पैसे मागा, असा हिशेब मांडला. टोकियोचे राष्ट्रीय नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाले आणि त्यानंतर निविदांचे घोडे अडले. कारकुनी सर्वत्र सारखीच. परंतु ओसाकाच्या प्रश्नावर तेथे रण माजले, वृत्तपत्रांत महिनोन्‌महिने वाद झडले. कलेचे अनुदान हा सार्वजनिक वादाचा विषय होऊ शकतो, ही गोष्टच आपल्याला नवलाची वाटावी.

आणि मग २०१७ चा ऑक्टोबर आला. भारत-जपान मैत्रीवर्षात टोकियोच्या काबुकी-झा या सर्वांत प्रतिष्ठित रंगमंचावर संपूर्ण महिनाभर ‘महाभारत’ झाले. दिग्दर्शक पुन्हा मियागी. काबुकीच्या प्रख्यात घराण्यातील ओनोए किकुनोसुके यांनी मियागींचे नळाख्यान पाहिले होते. त्यातून ही कल्पना निघाली. आणि किकुनोसुके यांनी भूमिका निवडली ती कर्णाची! १९६७ साली शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने ज्या कर्णाला मराठी घराघरांत नेले, तो कर्ण काबुकीच्या मंचावर उभा राहिला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये हा प्रयोग त्याच मंचावर पुन्हा झाला. महोत्सवापुरते काढायचे आणि मग गुंडाळून ठेवायचे, असा हा प्रकार नव्हे.

आता आपल्याकडे वळू. आपल्या महानगरांतही कलामहोत्सव भरतात, परदेशी पथके येतात, जपानी ढोल घुमतात. उद्घाटनाच्या भाषणात ‘कलेला सीमा नसतात’ हे वाक्य हमखास उच्चारले जाते. सीमा नसतात हे खरे. पण कलेला मुळे असतात, हे सांगायला सोयीस्करपणे विसरतात. परदेशी पाहुण्यांना मुख्य मंच, पूर्ण वेळ, उत्तम प्रकाशयोजना. आणि आपल्या दशावताराला, चित्रकथीला प्रवेशद्वाराशी, खाद्यपदार्थांच्या दुकानांशेजारी, वीस मिनिटे. तीही ‘लोककलेची झलक’ म्हणून! जी कथा रात्रभर चालायची तिची झलक ती काय दाखवणार? १९०० साली फुलरबाईंनी जपान्यांचे जे केले, ते आपण आपल्याच लोकांचे आपल्याच शहरात करतो आहोत.

आणि दुसऱ्या बाजूचे काय? येथे स्वकीयांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. जपानची बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती, बिशामोन म्हणजे कुबेर, ताइशाकू म्हणजे इंद्र, ही माहिती आपल्या बौद्धिकांत, लेखांत आणि हल्ली मोबाइलवरील संदेशांत अखंड फिरत असते. ती खरीच आहे. परंतु ती सांगून झाल्यावर आपण करतो काय? सरस्वती तेथे पोहोचली, यात पुण्य आपल्या पूर्वजांचे. तिला सांभाळले, यात श्रम जपान्यांचे. या दोहोंच्या मध्ये आपली पिढी नेमकी कोठे उभी आहे? ज्याच्या घरी पोथी वाळवीला लागली आहे त्याने शेजाऱ्याच्या घरातील प्रत पाहून मिशीला पीळ भरावा, तसा हा अभिमान आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तेथील ठाकर समाजाची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या कागदावरील चित्रांच्या पोथ्या पुढे ठेवून रामायण-महाभारतातील आख्याने गात आली आहेत. चामड्याच्या आणि कळसूत्री बाहुल्यांचे खेळही तेच करतात. चित्रपट उलगडत एका कंठाने सारी पात्रे उभी करणे, हे जे मियागींनी कल्पनेने हेइआन काळात नेऊन वसवले, ते पिंगुळीत कल्पनेशिवाय आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, हे उत्तमच झाले. पण त्यांच्यामागून येणाऱ्या मुलाला शिकण्याच्या वर्षांत पोटापाण्यासाठी कोण काय देते? आणि ही मागणी केवळ सरकारकडे करून भागणार नाही. ज्या गणेशोत्सव मंडळांत, शाळांत आणि पतसंस्थांत आपले कार्यकर्ते निर्णयाच्या जागी आहेत, तेथे वाद्यवृंदाला दिले जाणारे मानधन आणि चित्रकथीला दिले जाणारे मानधन शेजारी शेजारी लिहून पाहावे.

पुण्यासारख्या शहराची जबाबदारी तर विशेष आहे. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच शहरात, सुकथनकरांसारख्यांच्या आयुष्याची होळी होऊन, १९६६ मध्ये पूर्ण झाली. याच शहरात १९५३ पासून भीमसेनजींनी गुरूच्या स्मरणार्थ चालविलेल्या संगीत महोत्सवात हजारो माणसे रात्र-रात्र बैठक मारून बसत आली. तेव्हा ‘लोकांना वेळ नाही’ ही सबब पुण्याने तरी सांगू नये.

तेव्हा पुढच्या हंगामात आपल्या शहरातील महोत्सवाची पत्रिका हाती येईल, तेव्हा परदेशी पथकांची नावे वाचून झाल्यावर आयोजकांना दूरध्वनी करून दोनच प्रश्न विचारावेत: आपल्या मातीतील आख्यान सांगणाऱ्यांना कोणता मंच दिला आहे, आणि किती तास? जपानी पाहुणे येणार असतील तर तिसराही विचारावा: त्यांना पिंगुळीला नेण्याची व्यवस्था कोणी केली आहे काय? नसेल, तर आपल्यापैकी कोणाची गाडी मोकळी आहे?